एका कानातलं गाणं : अबोला, माळवद आणि चंद्राची गाणी

पार्श्वभूमी

सुमन (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत) ३८ वर्षांची. शिक्षण दहावी, लग्नाला १७ वर्षं. माहेर गंगाखेडच्या बाजूचं, सासर परभणी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ११. नवरा मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) एका आडतीवर मुनीम. घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागच्या जुन्या भागावर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत. सासू सोबतच.

नवरा पीत नाही, हात उगारत नाही. गल्लीत त्याला ‘सोन्यासारखा माणूस’ म्हणतात. त्याचं हत्यार एकच, अबोला. भाजीत मीठ जास्त पडलं, माहेरचा फोन लांबला, सासूने काही कानावर घातलं, एवढं कारण पुरायचं. सर्वांत लांबलेला अबोला ४७ दिवसांचा. त्या काळात निरोप मुलीमार्फत जायचा : “तुझ्या आईला सांग, दूधवाल्याचं बिल फळीवर ठेवलंय.” एरवी त्याच फळीवर रोज १०० ते १५० रुपये असायचे, अबोला लागला की फळी रिकामी. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये सुमनच्या खात्यात पडायचे, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. फोन तिच्या हातात, सिम त्याच्या नावावर. कोणाला किती वेळ फोन लागला, हे तो दर दोन-तीन दिवसांनी बघायचा.

सुमन आमच्या समुपदेशन केंद्रात स्वतःसाठी आलीच नव्हती. मुलगी वर्गात बोलेनाशी झाली म्हणून शाळेतल्या बाईंनी पाठवलं. बाईंनी विचारल्यावर मुलीने उत्तर दिलं होतं, “घरी बोलायचं नसतं.”

गाण्यांचा धागा जुना. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, वडिलांचा रेडिओ रात्री झोपेपर्यंत चालू असायचा. आता फोनमध्ये ८ जीबीचं मेमरी कार्ड होतं, मोंढ्याच्या रस्त्यावरच्या मोबाइल दुकानातून ६० रुपयांत भरून आणलेलं. त्यात २१२ गाणी. रोजच्या ऐकण्यातली चाळीसेक आणि त्यांतली २६ चंद्राची, चांदण्याची. भांडी आवरली की साडेनऊच्या सुमाराला शिडी चढून माळवदावर जायचं आणि तास-दीड तास ऐकत बसायचं, हा सहा वर्षांचा नेम.

अडचण कशी समोर आली, आणि आधी कशी निसटली

पहिली भेट जानेवारी २०२५ ची. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १६ गुण आले. १० किंवा जास्त आले की पुढे तपासायचं असतं. १५ ते १९ म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव नकोसा होण्याच्या विचारांना, तिने ‘काही दिवस’ असं उत्तर दिलं. तेव्हा समुपदेशिकेने आडवळण न घेता विचारलं : असा विचार येतो तेव्हा काय करावंसं वाटतं? काही ठरवलंय का? तसं काही ठरवलेलं नव्हतं. हे सरळ विचारल्याने विचार डोक्यात भरतो, अशी भीती नव्या कार्यकर्त्यांना असते. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

मारहाण होते का? नाही. भीती वाटते का? “नाही बाई, मारत नाहीत ते.” नोंदवहीत शेवटची ओळ पडली : ‘छंद – जुनी गाणी ऐकणे. चांगला आधार.’ दोन भेटी ही ओळ तशीच राहिली. प्रकरणातली पहिली चूक हीच. आधार दिसला की सगळ्यांनाच हायसं वाटतं, आणि त्या आधाराची चौकशी कोणी करत नाही.

तिसऱ्या भेटीत झोपेबद्दल बोलणं चाललं होतं. कुठे बसून ऐकता, काय लावून ऐकता, असं विचारल्यावर सुमनने सांगितलं, “माळवदावर, शिडीच्या तोंडाशी. उजव्या कानात लावते. डावा मोकळा ठेवते. यांच्या गाडीचं सायलेन्सर फुटकं हाय, मारुतीच्या पारापासून ऐकू येतंय. आवाज आला की खाली यायचं, फोन पिठाच्या डब्यामागं.”

‘भीती वाटते का’ या प्रश्नाला तिने खोटं उत्तर दिलं नव्हतं. तिच्या लेखी भीती म्हणजे मार. सहा वर्षं एक कान पहाऱ्यावर ठेवून गाणं ऐकायचं, याला भीती म्हणतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर केंद्राने प्रश्नांची पद्धत बदलली. भीतीबद्दल विचारण्याआधी जागा, वेळ, दिवा, दार, आवाज यांबद्दल विचारायचं. जेवायला कोण आधी बसतं? अंघोळ किती वेळात उरकावी लागते? फोन वाजला तर आधी कोणाकडे बघता? भीतीचं घर अशा उत्तरांत असतं.

गाण्यांची नोंद

गाणी बंद करा, असं सांगण्यात अर्थ नव्हता. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण ती गाणी करतात काय, हे बघणं गरजेचं होतं. त्यासाठी तीन आठवड्यांची नोंद ठरली.

वही ठेवणं धोक्याचं, कारण घरातली प्रत्येक वही नवऱ्याच्या नजरेखालून जायची. मार्ग सुमननेच काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिला जायचा. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात तिने ठिपके मांडायला सुरुवात केली : ऐकण्याआधी मनाचा भार किती ते डावीकडे, ऐकल्यावर किती ते उजवीकडे. केंद्राची पट्टी शून्य ते दहाची होती, पण दहा ठिपके डोळ्यांत भरतात, म्हणून ती पाचावर आणली. गाण्याच्या प्रकाराला एक अक्षर. अंगाई आणि ओव्या म्हणजे ‘ता’, ताकाचा. चांदण्यातल्या भेटीगाठींची गाणी म्हणजे ‘तू’, तुपाचा. आणि प्रेम विरल्याची, जुन्या दिवसांची गाणी म्हणजे ‘द’, दह्याचा. दुधाच्या हिशोबात ताक, तूप, दही कोणालाच खटकलं नाही.

एका गोष्टीची आठवण उशिरा झाली. पहिल्या आठवड्यात फक्त आधीचं आणि लगेच नंतरचं टिपलं जात होतं. सकाळचा ठिपका दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाला, आणि खरी गोम तिथेच सापडली.

२१ रात्रींपैकी १७ रात्री तिने गाणी ऐकली. ‘ता’च्या सहा रात्री : भार ४ वरून २, सकाळीही २. या रात्री ती ऐकता ऐकता स्वतः गुणगुणायला लागायची आणि साडेदहाच्या आत खाली यायची. ‘तू’च्या चार रात्री : ३ वरून ३, फरक नाही. ‘द’च्या सात रात्री : ४ वरून २, म्हणजे त्या वेळेपुरता ताकासारखाच उतार. पण ज्या रात्रींची सकाळ नोंदली गेली, त्या सगळ्यांत ४ किंवा ५. त्या रात्री एकच गाणं चार-पाच वेळा लावलेलं असायचं आणि बसणं दीड तासाच्या पुढे गेलेलं असायचं.

एका बाईची तीन आठवड्यांची नोंद म्हणजे सिद्धांत नव्हे. पण त्या बाईपुरता निर्णय घ्यायला ती पुरते.

‘द’च्या सातांपैकी पाच रात्री कृष्ण पक्षातल्या निघाल्या. सासूचं म्हणणं होतं, अवस जवळ आली की हिचं डोकं फिरतं. कारण साधं होतं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. शुक्ल पक्षात तो संध्याकाळीच वर असतो. शेजारच्या बायका आपापल्या माळवदावर असतात, पोरं खेळत असतात, हाका मारल्या जातात. पुनवेनंतर तो मागे पडत जातो. संकष्टीला तो साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान दिसतो, आणि अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. म्हणजे कृष्ण पक्षात चंद्राची वाट बघणारी बाई अंधारात एकटी बसलेली असते. बिघाड अंधाराने आणि एकटेपणाने होत होता. तिथीचा दोष एवढाच की त्या दिवशी चंद्र उशिरा येतो. संकष्टीचा दिवस मात्र सुमनला हवासा वाटायचा. चंद्रोदय बघायचा म्हणून वर जायला त्या दिवशी कोणाची परवानगी लागत नव्हती.

एका गाण्याकडे जवळून

‘द’मध्ये एक गाणं पुन्हा पुन्हा यायचं : ‘तोच चंद्रमा नभात’. शब्द शांता शेळके यांचे, चाल आणि आवाज सुधीर फडके यांचा. त्याचं मूळ शीलाभट्टारिका या संस्कृत कवयित्रीच्या नावे असलेल्या श्लोकात आहे. चंद्र तोच, रात्र तीच, माणूसही तेच आणि जवळच. फक्त पूर्वीची ओढ उरलेली नाही, असा त्याचा भाव. संस्कृतात हे एक स्त्री बोलते. मराठीत बोलणारा पुरुष आहे, आणि या प्रकरणात तो बदल महत्त्वाचा ठरला.

समुपदेशिकेचा अंदाज होता की सुमन या गाण्यात स्वतःचं दुःख ऐकते. विचारल्यावर वेगळंच निघालं. “त्यात तो सांगतो तरी,” ती म्हणाली. “आपलं आता पहिल्यासारखं राहिलं नाही, हे तोंडानं बोलतो. आमच्याकडं कोण बोलायलंय?”

म्हणजे ती नवऱ्याचा न मिळालेला कबुलीजबाब दुसऱ्या पुरुषाच्या आवाजात ऐकत होती. त्याने रात्रीपुरतं समाधान व्हायचं. सकाळी चहा ठेवताना समोर तेच मिटलेलं तोंड. शिवाय अशा गाण्यातली ‘पूर्वीची ओढ’ तिला लग्नाच्या पहिल्या वर्षात नेऊन सोडायची. नवा संसार, औंढ्या नागनाथला दोघंच गेलेलं. मग मनाशी ठरायचं : होईल पुन्हा तसं, अजून थोडं थांबू. सहा वर्षांत हे ‘थोडं थांबू’ किती वेळा झालं, याचा हिशोब तिने स्वतःच मांडला. माहेरी निघायची पिशवी तीनदा भरली होती आणि तिन्ही वेळा माळवदावरून उतरल्यावर रिकामी केली होती.

आमच्या मते प्रकरणाचं मर्म इथे आहे. गाणी तिला सोसायला बळ देत होती, आणि सोसणं हाच तर त्या घराचा सगळा आधार होता. गाणी नसती तर कदाचित ती लवकर बोलली असती. कदाचित मोडूनही पडली असती. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, म्हणून गाण्यांना नुसतं चांगलं किंवा नुसतं वाईट म्हणून चालत नाही.

ओव्यांचं काम वेगळं होतं. ओवीतला चंद्र बहुतेक वेळा प्रियकर नसतो. ती उपमा तान्ह्याला मिळते, भावाला मिळते. त्यामुळे ओवी तिला नवऱ्याच्या आठवणीत न नेता आजीच्या जात्याशी नेऊन बसवायची. दुसरं म्हणजे ओवी ती स्वतः म्हणायची. गाताना श्वास लांब सुटतो, त्याने छातीतली धडधड उतरते. नुसत्या ऐकण्यात हे घडेलच असं नाही. आणि तिसरी गोष्ट व्यवहाराची : ओवीला फोन लागत नाही, कार्ड लागत नाही. ती कोणी काढून घेऊ शकत नाही.

विरहाची सगळीच गाणी तिला खाली ओढत होती असंही नाही. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर विराणीत म्हणतात की देवकीनंदनाविना चांदणं नको, चाफा नको, चंदन नको. हे सुमनला आवडायचं, आणि त्या रात्रीची सकाळ बरी जायची. तिथे तक्रार उघड्या आवाजात आहे. नको ते ‘नको’ म्हणून मोकळी झालेली ती बाई आहे.

ऐकण्याचा बदललेला क्रम

सांगितलं ते एवढंच. एकूण २५ मिनिटं. सुरुवात ‘द’च्या एका गाण्याने, कारण मन जिथे आहे तिथून उचलावं लागतं; रडू येत असताना एकदम आनंदाचं गाणं लावलं तर ते परक्यासारखं वाटतं आणि बंद केलं जातं. पण एकच गाणं, आणि एकदाच. मग ‘तू’ची दोन. शेवटी फोन बंद करून दोन-तीन ओव्या स्वतःच्या तोंडाने. कृष्ण पक्षात वर एकटीने न बसता मागच्या पडवीत, मुलगी अभ्यास करते तिथे बसायचं. आणि माळवदावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. राहायचं की जायचं, हा विचार दिवसा, केंद्रात, कागदावर.

दोन आठवड्यांत हे अर्धंमुर्धं जमलं. एकदाच लावायचा नियम तिने बऱ्याचदा मोडला. मार्चमध्ये गुण १६ वरून १३ वर आले.

तोललेले पर्याय

मार्चच्या मध्यावर चार वाटा कागदावर मांडल्या.

माहेरी जाणं. आई एकटी, भाऊ-भावजय पुण्याला. मुलांची शाळा मध्येच सुटली असती. तिने हा पर्याय स्वतः खोडला.

जोडप्याचं समुपदेशन. सुमनला हेच हवं होतं. एकदा कोणीतरी यांना समोर बसवून विचारा, म्हणाली.

कायद्याचा आधार. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. घरखर्च रोखून धरणं आणि तिच्या खात्यातल्या पैशाचा ताबा घेणं आर्थिक छळात बसतं. अबोला एवढा एकच मुद्दा घेऊन गेलं तर तो टिकवणं अवघड. अबोला आणि त्यासोबत बंद होणारे पैसे अशी जोडी दाखवता आली तर प्रकरण उभं राहतं. कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. हे ऐकून सुमनने दोनदा विचारलं, “सासऱ्यांच्या नावावर असलं तरी?”

चौथी वाट घटस्फोटाची. परस्परसंमतीने घ्यायचा तर अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. ती वाट तेव्हा दूरची होती.

वाट कोणतीही असो, आधी सुरक्षेची तयारी. आधार, रेशन कार्ड, मुलांचे बोनाफाईड, पासबुकाचं पहिलं पान आणि लग्नातला एक फोटो, या सगळ्यांच्या झेरॉक्स शाळेतल्या बाईंकडे. ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे दोन क्रमांक तोंडपाठ, फोनमध्ये नाहीत. सुमनशी संपर्क फक्त शाळेमार्फत. मुलीने ‘वही संपली’ असा निरोप बाईंना दिला, तर आईला मदत हवी आहे असं समजायचं.

तयारीच्या यादीत एक गोष्ट राहिली : ६० रुपयांचं दुसरं मेमरी कार्ड.

चुकलेला निर्णय

मार्चअखेर संयुक्त भेट झाली. नवरा वेळेवर आला, नमस्कार केला, हात बांधून बसला. अबोल्याचा विषय निघाल्यावर म्हणाला, “मी काही बोललो तर भांडण होतं, म्हणून गप बसतो. ती तर रिकामी बसून गाणी ऐकत असते.”

सुमनची बाजू घेण्याच्या भरात समुपदेशिका बोलून गेली, “त्या रोज चंद्राची जुनी गाणी ऐकून स्वतःला सावरतात.” हेतू चांगला होता. नवऱ्याने त्यावर काहीच उत्तर दिलं नाही.

त्या रात्री त्याने फोनमधलं कार्ड काढलं आणि पकडीत धरून मोडलं. नऊ दिवसांच्या अबोल्यानंतर पहिला प्रश्न विचारला, “कोणासाठी ऐकतीस?” दुसऱ्या दिवशी माळवदाची शिडी उचलून आडतीच्या गोदामात नेऊन ठेवली.

इथे तीन चुका एकात एक अडकल्या आहेत. पहिली, धाक असलेल्या घरात संयुक्त भेट घ्यायचीच नसते. एक कान पहाऱ्यावर ठेवून गाणं ऐकणारी बाई नवऱ्यासमोर खरं बोलू शकत नाही, आणि जे बोलेल त्याची वसुली घरी होते. हे केंद्राला तिसऱ्या भेटीतच कळलं होतं. तरी सुमनचा आग्रह, आणि मार नाही हे कारण, यांमुळे ते बाजूला पडलं. दुसरी चूक, तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय उघड झाली. माणूस जिथे विसावा घेतो ती जागा पत्त्यासारखी गुप्त ठेवावी लागते. तिसरी, संशयाचा अंदाज आला नाही. बाई चंद्राची गाणी ऐकते म्हणजे तिच्या मनात कोणीतरी आहे, हे आपल्याकडे किती पटकन गृहीत धरलं जातं, याचा विचार आधी व्हायला हवा होता. भजनं म्हटली असती तर शिडी जागेवर राहिली असती.

बारा दिवस सुमन आली नाही. मग शाळेत ‘वही संपली’ असा निरोप आला.

पुढची पावलं

एप्रिलच्या त्या भेटीत गुण १८ होते आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर एका पायरीने वर सरकलं होतं. केंद्राने आधी चूक कबूल केली, स्पष्ट शब्दांत. मग त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तिला सोबत नेलं, औषध सुरू झालं. बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला. तो शाळेतल्या बाईंच्या फोनवरून लावायचं ठरलं.

त्यानंतर संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटना अहवाल नोंदवला. तारखा मांडताना कॅलेंडर कामी आलं. दुधाच्या हिशोबात अबोल्याचे दिवसही दिसत होते, कारण त्या दिवसांत पैसे नसल्याने दूध एक लिटरवरून अर्ध्यावर यायचं. फळी केव्हा केव्हा रिकामी होती याचा हा लेखी माग, तोही नवऱ्याच्याच अक्षरात.

वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळाला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १२ खाली न्यायालयात अर्ज गेला. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत असावी असं कायदा म्हणतो; इथे ती १९ दिवसांनी लागली. मधल्या काळात दिरांनी बैठक बसवली. “घरातलं घरात मिटवा” हा सूर. सुमनने बैठकीत एकच मागणी ठेवली, एटीएम कार्ड. ते मिळालं नाही, आणि बैठकीवर विसंबायचं की नाही हा तिचा प्रश्न तिथेच सुटला. पुढे बँकेत तिने स्वतः अर्ज देऊन जुनं कार्ड बंद केलं, नवं घेतलं आणि मोबाइल क्रमांकही बदलून घेतला. हे काम जानेवारीतच करता आलं असतं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ती मुलीला घेऊन त्याच गावात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेली. भाडं २,२०० रुपये, अनामत मामाने भरली. जुनं शिवणयंत्र दुरुस्त करून फॉल-पिको सुरू केलं, साडीला ७० रुपये. लग्नसराईत दिवसाला पाच-सहा साड्या, आषाढात दोनही नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

संयुक्त भेटीचं वर आलंच. नवऱ्याशी बोलायचं होतं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या कार्यकर्त्याने, आणि मुलीच्या शाळेतल्या गप्प राहण्यापुरतंच बोलायला हवं होतं. ती वाट मोकळी होती, कारण मुलीबद्दल तो खरंच काळजीत होता.

मुलीकडे उशिरा लक्ष गेलं. प्रकरण तिच्यामुळे उघडलं आणि मग तीन महिने ती निरोप्याच राहिली, आधी बापाची, नंतर आमच्या सुरक्षा योजनेची. ‘वही संपली’ हे वाक्य १४ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवायला नको होतं. शेजारीण चालली असती.

क्रमाबद्दल अजूनही मतभेद आहेत. केंद्रातल्या एका कार्यकर्तीचं म्हणणं, आधी बँकेचं कार्ड आणि मग गाणी. हातात १,५०० रुपये आले असते तर निम्मी गाणी आपोआप बदलली असती. दुसरीचं म्हणणं, गाण्यांच्या नोंदीशिवाय सुमन बँकेच्या पायरीपर्यंत पोचलीच नसती. दोघींचं पटण्यासारखं आहे.

नोव्हेंबर २०२५ मधली स्थिती

ऑगस्टमध्ये नवऱ्याने दरमहा ६,५०० रुपये द्यावेत असा न्यायालयाचा अंतरिम आदेश झाला. पहिल्या तीन महिन्यांतले दोन हप्ते आले, ऑक्टोबरचा थकला. वसुलीचा अर्ज दिला आहे. पीएचक्यू-९ चे गुण ७. औषध चालू आहे, डॉक्टरांनी किमान सहा महिने तरी सांगितलं आहे. घटस्फोटाचा विषय तिने अजून काढलेला नाही.

नव्या घराला माळवद नाही. अंगणातून चंद्र दिसतो तो शेजारच्या लिंबाच्या वर आल्यावर, म्हणजे उगवल्यानंतर तासाभराने. नवं कार्ड तिने भरून आणलं, ७० रुपये पडले, १८० गाणी. ‘तोच चंद्रमा’ त्यात आहे. ती ते शिवताना लावते, यंत्राच्या आवाजात अर्धंच ऐकू येतं. इअरफोनची उजवी बाजू सहा वर्षांच्या वापराने गेली होती, डावी नव्यासारखी होती.

मुलगी वर्गात बोलते, फार नाही. मुलगा आठवड्यातले चार दिवस वडिलांकडे असतो. कोजागिरीला तो इकडे आला होता. दूध आटवायला ठेवलेलं असताना त्याने विचारलं, “शिडी आणू का गोदामातून, पप्पांना सांगून?” सुमनने त्याला काय उत्तर द्यावं हे अजून ठरवलेलं नाही. पुढच्या भेटीत हा विषय घ्यायचा आहे.